थ्रीडी चाकाचा आऊट कसा काढायचा

सायकलच्या दुकानात चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तुम्ही पाहिलं असेल. मिस्त्री चाक फोर्कमध्ये अडकवतो, एका हाताने गरागरा फिरवतो आणि दुसऱ्या हातातला खडू रिमच्या कडेजवळ अगदी स्थिर धरतो. रिम जिथे बाहेर आलेली असते तिथेच खडू लागतो, बाकी रिम कोरी राहते. मग त्या पांढऱ्या खुणेपाशी एका बाजूच्या तारा किंचित ढिल्या करायच्या, दुसऱ्या बाजूच्या किंचित ताणायच्या. पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू.

कारची मॉडेलं करणारी मंडळी मला चाकांबद्दल जे विचारतात ते घुटमळून इथेच येतं. स्टिल रेंडरमध्ये चाक अगदी खरं दिसतं, पण टर्नटेबलवर फिरवलं की डगमगतं. टायरच्या नक्षीत एका ठिकाणी शिवण दिसते. वेगात गेलं की चाक आक्रसतं. कधी उलटंच फिरतं. तक्रारी निरनिराळ्या वाटतात, पण बहुतेकांचं मूळ चाकाचा मध्य, त्याची आस किंवा वर्तुळाची वाटणी यांतच सापडतं. कामाच्या पहिल्या दहा मिनिटांत या तीन गोष्टी ठरतात आणि पुढचे चार दिवस आपण त्यांच्यावर डिटेल चढवत बसतो. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते.

मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे बटणांची नावं तिथली देतोय. माया किंवा थ्रीडीएस मॅक्समध्ये नावं बदलतील, गणित तेच राहील. उदाहरणासाठी सगळीकडे २०५/५५ आर १६ हा टायर आणि पाच स्पोकचं अलॉय घेतलंय.

आधी खडू धरा

डोळ्याला चाक डगमगतंय असं वाटणं आणि ते खरंच किती डगमगतंय हे कळणं, यांत फरक आहे. आधी मोजा. आपल्या टायरचा बाहेरचा व्यास काढायला सोपा आहे. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची २०५ मिमी रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा येते. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. बेरीज ६३१.९ मिमी, त्रिज्या साधारण ३१६ मिमी.

आता ३१७ मिमी त्रिज्येचं, १२८ बाजूंचं एक पातळ कडं नव्याने तयार करा आणि ते चाकाच्या ओरिजिनवर, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या बिंदूभोवती चाक फिरवतं त्यावर, बसवा. कड्याला चाकाचं चाइल्ड (चाकाबरोबर हलणारा भाग) करू नका, ते स्थिरच राहायला हवं. ऑर्थोग्राफिक व्ह्यूमध्ये बाजूने बघत चाक ३०-३० अंशांनी फिरवा. टायर आणि कड्यामधली फट सगळीकडे एकसारखी राहिली तर मध्य बरोबर आहे. फट एका बाजूला मोठी आणि समोर लहान होत असेल, आणि ती मोठी बाजू चाकाबरोबर फिरत असेल, तर ओरिजिन सरकलाय. मग पुढून बघा. रिमच्या कडेला जेमतेम टेकेल असा एक ठोकळा ठेवा आणि पुन्हा फिरवा. कडा ठोकळ्यात घुसते-बाहेर येते असं दिसलं तर ओरिजिनची जागा बरोबर असूनही आस वाकडी आहे. दोन्ही आजारांवरचे इलाज वेगळे आहेत, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

मध्य सरकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण

एकदा माझं एक मॉडेल ग्राहकाकडून परत आलं होतं. चाक फिरताना लंगडतंय, एवढंच कळवलं होतं. मी चाक अगदी सिमेट्रिकल बनवलं होतं, कडं धरून तपासलंही होतं. मग दिवसभर शोधल्यावर सापडलं की तपासणीनंतर मी रिमला व्हॉल्व्ह जोडला होता, दोन्ही एकाच मेशमध्ये, म्हणजे एकाच जाळीत, जॉइन केले होते आणि सवयीने ‘ओरिजिन टू जॉमेट्री’ दाबलं होतं.

ती आज्ञा नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्या व्हर्टेक्सची, म्हणजे जाळीच्या बिंदूंची, सरासरी काढते आणि ओरिजिन तिथे नेते. समजा रिमला ३८,००० व्हर्टेक्स आहेत आणि बारीक आटे दाखवलेल्या व्हॉल्व्हला ४००. व्हॉल्व्ह मध्यापासून १८५ मिमीवर बसलाय. ४०० गुणिले १८५ भागिले ३८,४०० करून बघा, जवळजवळ २ मिमी येतात. तेवढा ओरिजिन व्हॉल्व्हच्या दिशेने सरकला. फिरताना एका बाजूला २ मिमी बाहेर, दुसऱ्या बाजूला २ मिमी आत, म्हणजे एकूण ४ मिमीचा आऊट. खऱ्या गाडीत एवढा आऊट असता तर स्टिअरिंग हातात थरथरलं असतं. बॅलन्सिंगची शिशाची वजनं, साइडवॉलवरची उठावाची अक्षरं, एका बाजूला बूलियनने (एका आकारातून दुसरा वजा करून) पाडलेलं भोक, यांतलं काहीही हेच करू शकतं. जितकं जास्त डिटेल एका बाजूला, तितका मध्य तिकडे ओढला जातो.

दुरुस्ती करताना रिमच्या मधलं मोठं भोक, म्हणजे हब जिथे बसतो तो सेंटर बोअर, हाच आधार धरायचा. एडिट मोडमध्ये त्याचा एज लूप (कडेच्या रेषांचं कडं) निवडा, शिफ्ट एस मधून कर्सर निवडलेल्या भागावर न्या, मग ऑब्जेक्ट मोडमध्ये ओरिजिन कर्सरवर आणा. इथे एक बारीक खोच आहे. बोअरच्या कडेवर बूलियनमुळे एका बाजूला जास्त व्हर्टेक्स दाटले असतील तर कर्सरसुद्धा सरासरीच काढेल आणि आपण पुन्हा तिथेच येऊ. म्हणून आधी पिव्हट पॉइंट ‘बाउंडिंग बॉक्स सेंटर’ वर ठेवा. मग कर्सर व्हर्टेक्सची गर्दी मोजत नाही, फक्त लूपच्या चार टोकांचा मध्य घेतो. विकत घेतलेल्या किंवा डाउनलोड केलेल्या मॉडेलवर मी हे पहिल्या मिनिटाला करतो, मग बाकीचं बघतो.

स्वतःचं चाक करत असाल तर हा प्रश्न उगवूच देऊ नका. चाक जगाच्या शून्य-शून्य-शून्यावर बनवा आणि पूर्ण होईपर्यंत तिथून हलवू नका. गाडीला चार चाकं लागतात ती त्याच्या लिंक केलेल्या प्रती असू द्या. व्हॉल्व्ह, नट, सेंटर कॅप वेगळे ऑब्जेक्ट ठेवून रिमचे चाइल्ड करा. जॉइन करण्याची खरी गरज एक्स्पोर्टच्या वेळीच पडते.

आस वाकडी झाली असेल तर

चाकाला कॅम्बर, म्हणजे पुढून दिसणारा आतबाहेरचा कल, द्यायला ते दीड अंश कलवलं, आणि मग कंट्रोल ए दाबून रोटेशन अप्लाय केलं. झालं. आता चाक कललेलं आहे, पण ब्लेंडरच्या मते त्याचं रोटेशन शून्य आहे आणि आस पूर्वीसारखी सरळ आहे. फिरवलं की कलसुद्धा फिरतो. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिमसारखं चाक डावीउजवीकडे झुलतं. मायात ‘फ्रीझ ट्रान्सफॉर्मेशन्स’ आणि मॅक्समध्ये ‘रिसेट एक्सफॉर्म’ नको त्या वेळी वापरल्यावर हाच त्रास होतो.

यातून परत येता येतं. रिमच्या पाठीवरचा सपाट भाग, जो हबला टेकतो, तो खऱ्या आसेला काटकोनात असतो. एडिट मोडमध्ये तो फेस निवडा आणि ट्रान्सफॉर्म ओरिएंटेशनच्या यादीतून अधिकच्या चिन्हाने त्याचं नवं ओरिएंटेशन तयार करा. ऑब्जेक्ट मोडमध्ये ऑप्शन्समध्ये ‘ओरिजिन्स’ वर खूण करा आणि ‘अलाइन टू ट्रान्सफॉर्म ओरिएंटेशन’ द्या. चाक जागचं हलत नाही, फक्त त्याची आस खऱ्या आसेवर येते. नंतर ‘ओरिजिन्स’ ची खूण काढायला विसरू नका, नाहीतर पुढचं सगळं काम ओरिजिनच हलवत राहील.

अप्लाय न करताही चाक झुलत असेल तर ऑयलर क्रम, म्हणजे तीन आसांभोवतीचं फिरणं कोणत्या क्रमाने लागू होतं ते, तपासा. ब्लेंडरचा मूळ क्रम एक्स-वाय-झेड आहे आणि त्यात एक्सचं फिरणं सर्वांत आधी लागू होतं. गाडीचं तोंड वायच्या दिशेला असेल तर चाकाची आस एक्सवर येते. आधी फिरणं, मग वायवर कॅम्बर, शेवटी झेडवर स्टिअरिंग. सगळं सुरळीत. पण गाडीचं तोंड एक्सकडे असलेली फाइल आली की आस वायवर जाते. आता एक्सवरचा कॅम्बर आधी लागतो आणि फिरणं त्याच्यानंतर, म्हणून कललेलं चाक सरळ आसेभोवती फिरतं. क्रम वाय-एक्स-झेड करा, झुलणं थांबेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकाच ऑब्जेक्टवर तिन्ही हालचाली ठेवूच नयेत. एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारा, नुसता आधाराचा ऑब्जेक्ट) स्टिअरिंगसाठी, त्याच्या आत एक कॅम्बरसाठी, त्याच्या आत फिरण्यासाठी. रिम, टायर, नट, व्हॉल्व्ह आणि ब्रेकची डिस्क सर्वांत आतल्या एम्प्टीखाली. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा चिमटा, मात्र कॅम्बरच्या एम्प्टीखाली, कारण तो चाकाबरोबर वळतो पण फिरत नाही. स्पोकच्या आड लाल कॅलिपर गरगर फिरताना मी चांगल्या चांगल्या पोर्टफोलिओंत पाहिलाय. सेंटर कॅप चाकाबरोबर फिरते. रोल्स-रॉइसचं मॉडेल करत असाल तर तेवढी अक्षरं सरळ उभी ठेवा, कारण त्या गाड्यांच्या कॅपला आतून वजन असतं आणि चाक फिरलं तरी अक्षरं सरळच राहतात.

एक आऊट असाही असतो जो कड्याच्या तपासणीत सापडत नाही. उभ्या गाडीचा टायर खाली किंचित चपटा झालेला हवा, म्हणून कोणी शेप कीने (मेशमध्ये साठवलेल्या बदललेल्या आकाराने) टायरचा तळ सपाट करतो आणि साइडवॉलला थोडं पोट काढतो. स्टिलमध्ये ते फार सुंदर दिसतं, गाडीला वजन येतं. अॅनिमेशन सुरू केलं की तो चपटा भाग टायरबरोबर वर जातो, पुढून खाली येतो, आणि गाडी चौकोनी चाकावर चालल्यासारखी उचकते. चपटेपणा टायरचा नसतो, रस्त्याशी टेकलेल्या जागेचा असतो. त्यामुळे तो लॅटिसने, म्हणजे ऑब्जेक्टला वाकवणाऱ्या पिंजऱ्याने, द्या आणि लॅटिस न फिरणाऱ्या एम्प्टीखाली ठेवा. टायर लॅटिसमधून फिरत जाईल आणि जो भाग खाली येईल तोच दबेल. २०५/५५ आर १६ साठी हब साधारण २० मिमी खाली येऊ दिला तर डोळ्याला पटतं.

चौसष्टचा हट्ट आणि टायरवरची शिवण

नवीन मॉडेलर सिलिंडर घेतला की ३२ किंवा ६४ बाजू टाइप करतो. कॉम्प्युटरचे आकडे म्हणून ते हाताला बसलेले असतात. पण पाच स्पोकच्या चाकात ६४ ला ५ ने भागा. १२.८ येतात. म्हणजे प्रत्येक स्पोक रिमला जिथे भेटतो तिथे व्हर्टेक्स वेगळ्या जागी असतात. मग आपण एका स्पोकपाशी हाताने जुळवतो, दुसऱ्यापाशी त्रिकोण टाकतो, आणि सबडिव्हिजन (जाळी बारीक करून पृष्ठभाग गुळगुळीत करणारं) चढवलं की पाच जोडांवर पाच वेगळ्या सुरकुत्या दिसतात. मॅग व्हीलच्या गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश सरकताना हे लगेच उघडं पडतं.

६० किंवा ८० घ्या. ६० मध्ये प्रत्येक स्पोकच्या वाट्याला १२ बाजू येतात आणि तो तुकडा मधून आरशासारखा दुमडला तरी ६-६ पूर्ण मिळतात. ८० मध्ये १६ आणि ८. आता फक्त ३६ अंशांचा अर्धा तुकडा नीट बनवायचा, बाकी मिरर आणि अॅरेवर सोपवायचं.

किती बाजू पुरतात याचाही अंदाज घेता येतो. ३१६ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाला ३२ बाजू दिल्या तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेषा खऱ्या वर्तुळापेक्षा दीड मिमी आत जाते. ६४ ला ०.४ मिमी, १२८ ला ०.१ मिमी. गेममध्ये दूरून दिसणाऱ्या चाकाला ३२ खुशाल चालतात. क्लोजअपमध्ये ९६ च्या खाली मी जात नाही.

टायरच्या नक्षीतली शिवण हा याच हिशेबाचा पुढचा भाग. नक्षीचा एक तुकडा बनवून तो एम्प्टीच्या आधाराने अॅरेत फिरवतात, ही चांगली पद्धत आहे. तुकडे ६४ असतील तर एम्प्टी ५.६२५ अंश फिरायला हवी. पॅनेलमध्ये दिसलेला गोल केलेला आकडा बघून कोणी ५.६३ टाइप करतो. फरक ०.००५ अंशाचा, पण तो ६४ वेळा साठतो. शेवटी ०.३२ अंश, म्हणजे टायरच्या कडेवर पावणेदोन मिमी. पहिला आणि शेवटचा ब्लॉक तेवढे एकमेकांवर चढतात, आणि वेल्ड करायला गेलं की तिथे काळी चीर उमटते. त्यावर उपाय म्हणजे आकडा टाइप न करता खान्यात सरळ ३६० भागिले ६४ लिहायचं. ब्लेंडर स्वतः भागाकार करतो आणि पूर्ण अचूकतेने ठेवतो.

अॅरे बंद होण्याऐवजी गोगलगायीच्या शंखासारखी आत किंवा बाहेर वळत गेली तर अंशांमध्ये शोधू नका. मूळ तुकड्याचं किंवा एम्प्टीचं स्केल १ नाही. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीच्या स्केलने गुणली जाते, म्हणून १.००१ सुद्धा ६४ व्या तुकड्यापर्यंत सहा टक्क्यांहून जास्त फुगतं. दोन्हीचं स्केल अप्लाय करा.

नक्षी बरोबर जुळली तरी एक गोष्ट राहते. खऱ्या टायरमध्ये सगळे ब्लॉक एकाच लांबीचे नसतात. सारख्या अंतरावरचे ब्लॉक रस्त्यावर एकाच सुरात वाजतात, म्हणून कंपन्या दोन-तीन किंवा जास्त लांबींचे तुकडे ठरावीक क्रमाने मिसळतात आणि आवाज पसरवतात. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ६४ एकसारखे ब्लॉक पाहून डोळ्याला काहीतरी खोटं वाटतं, आणि कारण सापडत नाही. लहान, मध्यम, मोठा असे तीन तुकडे करून हाताने क्रम बदलत लावला तर टायर जिवंत होतो. या कामाला मी मनापासून वेळ देतो.

रिमवरचे डाग

नटांच्या भोकांभोवती धुरकट डाग दिसणं हा शेडिंगचा प्रश्न आहे आणि तो लवकर सुटतो. वाकलेल्या पृष्ठभागात बूलियनने भोक पाडलं की आजूबाजूचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा, ओढले जातात. भोक पाडण्याआधी रिमची एक स्वच्छ प्रत लपवून ठेवा. नंतर डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने त्या प्रतीवरून कस्टम नॉर्मल उचला. कडांना बेव्हल दिला असेल तर त्यावर वेटेड नॉर्मल मॉडिफायर लावा.

जुन्या ट्यूटोरिअलमध्ये सांगितलेली ‘ऑटो स्मूथ’ची खूण सापडत नाही असं बरेच जण विचारतात. २०२४ च्या ब्लेंडर ४.१ पासून ती गेली आणि तिच्या जागी ‘स्मूथ बाय अँगल’ हा मॉडिफायर आला. ऑब्जेक्टवर राइट क्लिक करून तो मिळतो.

टायरची नक्षी नॉर्मल मॅप या उठाव दाखवणाऱ्या चित्रात बेक केल्यावर खोबणी बाहेर आल्यासारख्या दिसत असतील तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा आहे. ब्लेंडर आणि युनिटी ओपनजीएल पद्धत वापरतात, अनरिअल डायरेक्टएक्स. टेक्स्चर ‘नॉन-कलर’ आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.

ब्रेक डिस्कवरची चकाकी मात्र थोडं थांबून बघण्यासारखी आहे. यंत्रावर घासलेल्या डिस्कवर प्रकाश दोन पंखांसारखा पसरतो, मध्यातून दोन्ही बाजूंना. अॅनिसोट्रॉपिक शेडर आणि रेडिअल टँजंट लावूनही ते पंख मध्यावर न भेटता एका बाजूला सरकले असतील, तर डिस्क दुसऱ्या कशाशी तरी जॉइन केलेली आहे. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये रेडिअल टँजंट ओरिजिनवरून नाही, ऑब्जेक्टच्या बाउंडिंग बॉक्सच्या मध्यावरून निघतो. कॅलिपर जोडला की बॉक्स एका बाजूला वाढतो आणि चकाकीचा मध्य हलतो. डिस्क वेगळी करा, पंख जागेवर येतात.

वेगात आक्रसणारं आणि उलटं फिरणारं चाक

ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. आपल्या टायरचा परीघ १.९८५ मीटर. सेकंदाला ८.४ फेरे, आणि २४ फ्रेमच्या अॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला चाक १२६ अंश फिरतं. हा आकडा लिहून ठेवा, दोन्ही तक्रारी त्यातूनच निघतात.

पाच स्पोकचं चाक दर ७२ अंशांनी स्वतःसारखंच दिसतं. १२६ अंश पुढे गेलेलं चाक डोळ्याला १४४ पेक्षा, म्हणजे दोन पूर्ण स्पोकांपेक्षा, १८ अंश मागे राहिलेलं वाटतं. म्हणून ते सावकाश उलटं फिरताना दिसतं. मॉडेलमध्ये काहीही बिघडलेलं नाही. ताशी ३४ आणि ६९ किमीच्या आसपास हेच चाक जागच्या जागी थिजल्यासारखं दिसेल, ३४ ते ५१ दरम्यान पुढे जाताना दिसेल. सिनेमात बैलगाडीची आणि घोडागाडीची चाकं अशीच उलटी फिरतात. मोशन ब्लर नीट लावला की बहुतेक वेळा हे झाकलं जातं. तरी खटकलं तर गाडीचा वेग थोडा बदला. जमिनीवरचं अंतर तसंच ठेवून फक्त चाकाचं फिरणं बदललं तर जवळच्या शॉटमध्ये टायर घसरताना दिसतो, तो मार्ग मी लांबच्या शॉटसाठीच राखून ठेवतो.

आक्रसणारं चाक ही मात्र खरी चूक आहे. १८० अंशांच्या शटरला अर्ध्या फ्रेमचा काळ मिळतो, म्हणजे ६३ अंश. चाक ऑब्जेक्ट म्हणून फिरत असेल तर रेंडरर ते वळणावरून नेतो. पण चाक बोनने (सांगाड्याच्या हाडाने) वळवलेलं मेश असेल किंवा व्हर्टेक्स बेक केलेले असतील, तर प्रत्येक बिंदू सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत जातो. कमानीऐवजी तिची दोरी. ६३ अंशांच्या दोरीचा मध्य ३१६ वरून २६९ मिमीवर येतो, टायरची कड ४७ मिमी आत बुडते आणि बाहेर पुसट झालर उरते. शटरचे चार तुकडे केले तर हीच घट ३ मिमीवर येते. सायकल्समध्ये ऑब्जेक्टच्या मोशन ब्लरखाली ‘स्टेप्स’ वाढवल्याने तेच होतं.

अलेम्बिक या अॅनिमेशन पाठवण्याच्या फाइल प्रकारात हा घोटाळा सर्वांत वाईट दिसतो. दर फ्रेमला एकच सॅम्पल असलेल्या फाइलमध्ये दोरी १२६ अंशांची होते. तिचा मध्य १४३ मिमीवर, म्हणजे टायर निम्म्याहूनही लहान. ब्लरमध्ये रिमच्या जागी करड्या रंगाचा ताऱ्यासारखा डाग दिसला तर दुसरं काही शोधू नका. जॉमेट्रीची सॅम्पल्स वाढवा, किंवा त्याहून बरं म्हणजे चाक व्हर्टेक्समध्ये बेक करू नका, ट्रान्सफॉर्म म्हणून पाठवा.

चाकाचं फिरणं हाताने की करत असाल तर ते ड्रायव्हरवर, म्हणजे सूत्रावर, न्या. गाडीने कापलेलं अंतर भागिले त्रिज्या, उत्तर रेडिअनमध्ये. दबलेल्या रेडिअल टायरचा परीघ मोकळ्या टायरपेक्षा साधारण तीन टक्के कमी भरतो, म्हणून मी भागताना ०.३१६ ऐवजी ०.३०७ घेतो.

रिम लहान का दिसते

टायर फुगलेला आणि रिम बारकी दिसत असेल तर तुम्ही रिमची दिसणारी कड १६ इंचांवर ठेवली आहे. १६ इंच हे टायरची कड आत जिथे बसते त्या जागेचं माप आहे. तिच्या बाहेर ‘जे’ (J) प्रकारच्या रिमला सुमारे १७ मिमीची उभी कड असते, आणि डोळ्याला दिसते ती तीच. दोन्ही बाजू धरून दिसणारा व्यास ४४० मिमीच्या घरात जातो. रुंदीचंही तसंच. ६.५ इंची रिम म्हणजे दोन कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६५ मिमी, बाहेरून माप जास्त.

उजवीकडची चाकं

डावीकडचं चाक पूर्ण झालं की एक्सचं स्केल उणे एक करून उजवीकडे पाठवणं हा मोह सगळ्यांना होतो. साइडवॉलवरची अक्षरं लगेच आरशातली होतात. शिवाय एक्स्पोर्टमध्ये नॉर्मल उलटतात आणि बेक केलेली नक्षी चुकीच्या बाजूने उजळते.

खऱ्या गाडीत काय होतं ते बघा. बहुतेक गाड्यांना रिमचा साचा एकच असतो. तीच रिम उजवीकडे जाताना उभ्या आसेभोवती १८० अंश फिरते. म्हणून पिळदार स्पोकची रिम एका बाजूला पुढे झुकलेली आणि दुसऱ्या बाजूला मागे झुकलेली दिसते. ती चूक नाही, ते तसंच ठेवा. ज्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं तोही रिमबरोबर १८० अंश फिरवा, कारण त्याची तीच बाजू बाहेर हवी. पण व्हीच्या आकाराची नक्षी आणि फिरण्याचा बाण असलेला टायर फिरवला तर बाण मागे जातो. तो टायर डावीकडून उजवीकडे नुसता सरकवायचा, फिरवायचा नाही. त्याची आतली बाजू बाहेर येते, म्हणून अशा टायरच्या दोन्ही साइडवॉलवर पूर्ण मजकूर आणि बाण हवेत.

आणि तो मजकूर लिहिताना ‘डीओटी’ पुढच्या कोडमधले शेवटचे आकडे, म्हणजे टायर बनल्याची तारीख, गाडीच्या वयाशी जुळवा. २००० पासून ते चार असतात, आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नव्वदीतल्या गाडीचं मॉडेल मूळ टायरांसकट करत असाल तर तिथे तीनच आकडे यायला हवेत.